फोन साडेआठला घरी येतो

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य



मी धर्माबाद तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नोकरीला चोवीस वर्षं झाली. या सगळ्या वर्षांत माझ्या दिवसाची सुरुवात एकाच कामाने झाली आहे. कॅटलॉग उघडायचा आणि नावं घ्यायची. इथून रेल्वेने पुढे निघालं की बासर, म्हणजे तेलंगणा. त्यामुळे जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात माझ्या वर्गात "हजर मॅडम"च्या जोडीला एखादं तेलुगू "उन्नानु"सुद्धा ऐकू येतं. एखाद्या नावाला उत्तर आलं नाही की मी मान वर करते आणि शेजारच्या बाकावरून खबर येते. "तिची आई बाळंत झाली." "तो मामाकडं निजामाबादला गेला." "त्याला ताप आहे मॅडम, काल पण जेवला नाही." हजेरीच्या त्या दहा मिनिटांत मला अख्खी गल्ली कळते.

पत्राचं कारण असं. ऑनलाइन शाळा ही आता टाळेबंदीतली तात्पुरती सोय राहिलेली नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने ऑगस्ट २०२१ मध्ये आभासी शाळा सुरू केली. दिल्ली सरकारने ३१ ऑगस्ट २०२२ रोजी नववी ते बारावीसाठी स्वतःची आभासी शाळा काढली आणि देशातल्या कुठल्याही मुलाला तिथं प्रवेश खुला ठेवला. आपल्याकडे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हापासून आमच्या शिक्षक कक्षात एक प्रश्न फिरतो आहे. लांबच्या वस्तीवरच्या चार लेकरांना उद्या गाडी मिळेल की स्क्रीन? स्क्रीन मिळणार असेल तर तिथं हजेरी कशी लावायची, याचा नियम कुणीतरी मुंबईत किंवा पुण्यात बसून लिहील. तो लिहिण्याआधी माझं ऐकून घ्यावं, एवढीच विनंती आहे. ऑनलाइन शाळा असावी की नसावी, या वादात मी पडत नाही. मला बोलायचं आहे ते फक्त हजेरीच्या कलमाबद्दल, कारण तिथं मी स्वतः चुकले आहे.

२०२०चा जून. माझ्याकडे सातवीचा वर्ग होता, पटावर चौतीस लेकरं. घरोघर फोन करून मी व्हॉट्सअ‍ॅपचा गट केला, त्यात एकोणीस नंबर आले. बाकीच्या घरांत साधा फोन होता, किंवा होता तोही रिचार्जविना पडलेला. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत २०२० मध्ये ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचं आढळलं. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होतं. वाढ मोठी होती, पण घरात फोन असणं आणि लेकराच्या हातात फोन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या आकड्यात दिसत नाही. ते मला पुढे सात महिन्यांनी दिसलं.

केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' सूचनांप्रमाणे पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास घ्यायचे होते. लेकरांच्या डोळ्यांचा विचार त्यात होता, ते चांगलंच झालं. मी सकाळी अकराची वेळ धरली. अकराला मी गटावर "सुप्रभात, आज कोण कोण आहे?" असं टाकायची. जो अंगठा दाखवेल तो हजर. पुढे तेवढंही उरलं नाही. दुपारी वरून माहिती मागवली जायची, आज किती विद्यार्थी ऑनलाइन होते, लगेच कळवा. मी निळ्या टिका मोजायची आणि आकडा लिहायची. एकोणीसपैकी सतरा, कधी अठरा. साहेब, खरं सांगते, त्यातल्या सात-आठ लेकरांशीच माझं त्या दिवशी बोलणं झालेलं असायचं. बाकीच्या टिका होत्या, लेकरं नव्हती. मला ते माहीत होतं, तरी मी लिहीत होते, कारण कमी आकडा लिहिला की खुलासा मागितला जायचा आणि खुलाशाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच गटात एक नंबर होता जो अकरा वाजता कधीच ऑनलाइन दिसायचा नाही. एका मुलीच्या वडिलांचा. मी महिनोन्‌महिने तिला गैरहजर लावलं.

२३ नोव्हेंबरला नववी ते बारावीचे वर्ग उघडले. आमच्या पाचवी ते आठवीला २७ जानेवारी २०२१ उजाडावा लागला. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी लेकरांना बोलवायला घरोघर गेले. त्या मुलीच्या घरी पोचायला मला संध्याकाळचे आठ वाजले. वडील मोंढ्यातून यायचे होते. धर्माबादचा मिरचीचा बाजार आपण ऐकून असाल. ते तिथं हमाली करतात. आईने चहा ठेवला. साडेआठला वडील आले, अंगावरचा सदरा त्यांनी दारातच झटकला, आणि आम्हा सगळ्यांना एक ठसका लागला. त्यांनी खिशातून फोन काढून मुलीच्या हातात दिला. ती फोन घेऊन आधी मोरीत गेली. ओल्या फडक्याने तो पुढून-मागून पुसला, मग कोरड्या फडक्याने पुसला, आणि काडेपेटीतल्या काडीने खालच्या बारीक भोकांतला लाल भुकटा उकरून काढला. मी विचारलं, हे काय करतेस? म्हणाली, "असं नाही केलं तर कानाला लावला की आग होते मॅडम, आणि तोच हात डोळ्याला लागतो."

मग तिने गट उघडला आणि दिवसभराचा अभ्यास खाली खाली सरकवत वाचू लागली. तिची वही मी हातात घेतली. जुलैपासूनची प्रत्येक तारीख त्यात होती. माझे सगळे प्रश्न, सगळी उत्तरं. अपूर्णांकांची उदाहरणं तर तिने वर्गाच्या पुढे जाऊन सोडवली होती. त्या वहीचे फोटो ती रोज रात्री साडेनऊच्या पुढे मला पाठवत होती आणि सकाळपर्यंत ते दुसऱ्या पन्नास निरोपांखाली गाडले जात होते. माझी हजेरी अकरा वाजताची होती. तिची शाळा साडेआठला भरत होती.

दुसऱ्या एका घरी अगदी उलट झालं. तिथला मुलगा माझ्या नोंदीत जवळजवळ रोज हजर. पण फोन त्याच्या मोठ्या भावाकडे होता. निळी टिक भावाची होती, आणि सातवीतलं हे लेकरू सात महिन्यांत जोडाक्षरं विसरून बसलं होतं.

साहेब, मला जे सांगायचं आहे ते या दोन घरांतच आहे. ऑनलाइन शाळेत हजेरी मोजायचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे लॉगिन. यंत्र आपोआप मोजतं, कुणाला तक्रार करायला जागा राहत नाही. पण लॉगिन फोनचं असतं. फोन कुणाकडे आहे, किती वाजता आहे आणि त्याचा रिचार्ज संपला आहे का, एवढंच ते सांगतं. त्यावर लेकराची ७५ टक्के उपस्थिती ठरवली, तर शिक्षा हमालाच्या मुलीला होईल आणि शाबासकी भावाच्या फोनला मिळेल.

याच काळात 'टिलीमिली' सुरू झाली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीचे पाठ रोज लागायचे. शेजारच्या घरी टीव्ही असला तरी चालायचं. चार-पाच लेकरं ओट्यावर बसून बघत. आमच्या भागात जेवढी लेकरं खरोखर शिकली त्यांतली बरीच त्या टीव्हीसमोर शिकली, असं मी अनुभवाने म्हणते. त्यांची हजेरी मी कुठे लावायची होती? टीव्हीला लॉगिन नसतं. मला मिळालेल्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

आता पैशाची बाजू. ती आमच्या जिल्ह्याइतकी कुणी जवळून पाहिलेली नाही. २०११ मध्ये नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या शाळांची पटपडताळणी केली आणि लाखाहून जास्त नावं अशी निघाली ज्यांच्यामागे लेकरू नव्हतं. त्याच वर्षी ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत सगळ्या राज्यात पडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली गेली. मतदानाची शाई लेकरांच्या बोटांना! माझ्या वर्गातली लेकरं ती शाई आठवडाभर एकमेकांना दाखवत होती, त्यांना गंमत वाटली. मला लाज वाटली होती. राज्यभरात वीस लाखांच्या आसपास नावं हवेतली निघाली. पटावर अनुदान, पटावर शिक्षकांची पदं, पटावर तांदूळ. मग पट फुगणारच. आणि ही त्या शाळांची गोष्ट होती जिथं भिंती आहेत, बाकं आहेत, आणि अधिकारी आत येऊन डोकी मोजू शकतो.

भिंती नसल्या तर काय होतं हे अमेरिकेतल्या ओहायो राज्याने भोगलं. तिथं 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो' नावाची ऑनलाइन शाळा २००० साली सुरू झाली. सरकारी पैशावर चालणारी, मुलांना फुकट. वाढत वाढत तिने २०१५-१६ मध्ये सुमारे १५,३०० विद्यार्थी दाखवले. राज्याच्या शिक्षण खात्याने मुलं खरोखर किती तास शिकली याच्या नोंदी मागितल्या, तेव्हा जेमतेम ६,३०० विद्यार्थ्यांचा हिशेब लागला. एका वर्षापोटी सुमारे सहा कोटी डॉलर परत करायचा आदेश निघाला. शाळेचा बचाव काय होता ते पाहा. कायदा म्हणतो, वर्षाला ९२० तासांचं शिक्षण उपलब्ध करून द्या. आम्ही ते उपलब्ध केलं, मुलं आली की नाही ही आमची जबाबदारी नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव फेटाळला. पण त्याच्या आधीच, जानेवारीत, वर्षाच्या मध्यावर शाळा बंद पडली होती आणि हजारो मुलं दुसरी शाळा शोधत फिरत होती.

हा बचाव मला परका वाटत नाही. आपला शिक्षण हक्क कायदासुद्धा पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास सांगतो. हे तास शाळेने भरवायचे तास आहेत. भिंतीच्या शाळेत ते चालून जातं, कारण शाळा भरली की लेकरू समोर बसलेलं दिसतं. ऑनलाइन शाळेत तास भरेल, चित्रफीत चालेल, आणि समोर कुणीही नसेल. म्हणून त्याच कायद्याच्या आठव्या आणि नवव्या कलमावर मी बोट ठेवते. प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षण पूर्ण होणं या तिन्हींची खात्री करण्याची आणि त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी तिथं शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. लेकरावर नाही, त्याच्या हमाल बापावर नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याचं काम नवव्या कलमात वेगळं लिहिलं आहे. आमच्या भागातून वीटभट्टीला, बांधकामाला माणसं तेलंगणात जातात, लेकरं सोबत जातात. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, पण त्या कार्डाची सीमेपलीकडे कुणाला ओळख नसते. खरी ऑनलाइन शाळा कुणाला लागणार असेल तर या लेकरांना लागेल, आणि रोज अकरा वाजता लॉगिन करणं जमणार नाही अशीही हीच लेकरं आहेत. पाल कुठे पडेल ते त्यांच्या आईलाही आदल्या दिवशी माहीत नसतं. फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, कधी तेलंगणाचा, कधी कुणाचाच नाही.

मग नियम कसा असावा? मी कायद्याची जाणकार नाही. पण हजेरी लावणारीचं ऐकायचं असेल तर सांगते.

दिवस सोडा, आठवडा धरा. आठवड्यात लेकराने किती काम केलं आणि शिक्षकाशी त्याचं किती वेळा बोलणं झालं, यावर हजेरी लागू द्या. वहीचा फोटो रात्री दहाला आला तरी हजर. शेजाऱ्याच्या फोनवरून आला तरी हजर. वाचून दाखवलेल्या धड्याचं दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण आलं, तरी हजर. वेळ कुटुंबाने सांगावी आणि शिक्षकाने ती वहीत लिहून घ्यावी. दहावीला बसण्यासाठी मंडळाला नियमित विद्यार्थ्याची ७५ टक्के उपस्थिती लागते, तीसुद्धा या लेकरांसाठी कामावर मोजली जावी; नाहीतर परीक्षेच्या तोंडावर त्यांना '१७ नंबरचा फॉर्म भर', म्हणजे बाहेरून परीक्षेला बस, असं सांगून मोकळं होणं फार सोपं आहे.

गैरहजेरीचा अर्थ बदला, हे माझं सगळ्यांत मोठं मागणं आहे. सलग महिनाभर न आलेलं मूल आपल्या राज्यात शाळाबाह्य धरलं जातं. ऑनलाइन शाळेत महिना फार झाला. तीन दिवस काम आलं नाही तर शिक्षकाने फोन करावा, आठवडा कोरडा गेला तर माणूस घरी जावा. हे जाणं नियमातच लिहा आणि त्याच्या प्रवासखर्चाची तरतूदही तिथंच करा. मी त्या घरी जानेवारीत गेले. ऑगस्टमध्ये जायला हवं होतं. कुणी मला जायला सांगितलं नव्हतं हे खरं, पण आकडा मात्र रोज मागितला होता. डिसेंबर २०२३ पासून आम्ही रोजची हजेरी 'स्विफ्ट चॅट' अ‍ॅपवरही भरतो आहोत, तिथंही हजर की गैरहजर एवढंच विचारलं जातं. का आलं नाही, हे लिहायला एक ओळ द्या. आमच्या कॅटलॉगच्या समासात ती पेन्सिलने लिहिलेली असते.

आणि महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट ठेवा. लेकरू जिथं असेल तिथल्या जवळच्या सरकारी शाळेत, निदान दोन तास. पटावरची नावं खरी आहेत का, हे त्यातच कळेल, बोटाला शाई लावावी लागणार नाही. त्या दिवशी त्याला तिथं गरम खिचडीही मिळू द्या. टाळेबंदीत शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा वाटला गेला, तांदूळ आणि डाळी. तो मिळाला म्हणून किती घरं तरली ते मी पाहिलं आहे. पण घरी गेलेला तांदूळ सगळ्या घराचा होतो. शाळेतली थाळी त्या लेकराची एकट्याची असते. सरकारी शाळेतल्या हजेरीला ही थाळी बांधलेली आहे. तसाच १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपयाही मिळू लागला. एक रुपया! त्याची किंमत आता काय राहिली ते वेगळं सांगायला नको, पण त्यामागचा विचार मोठा होता. मुलगी शाळेत आली, तर शासन तिचं काहीतरी देणं लागतं, हा तो विचार. ऑनलाइन शाळेची हजेरी लिहिताना खिचडी आणि रुपया या दोन्हींचं काय करणार, हे मसुद्यात मला वाचायला मिळावं. फुकट रिचार्जचं कलम त्यांच्या शेजारी असावं, कारण हजेरी सक्तीची आणि डेटा विकतचा, असं चालणार नाही.

एक भीती उरते, तीही बोलून टाकते. नियम सैल केला तर पळवाट होईल, असं आपले अधिकारी म्हणतील. होईलही. पण मी आधीच सांगितलं, घट्ट नियमातही मीच सतराचा आकडा लिहीत होते. माझ्यासारख्या बाईने, जिने कधी वर्ग चुकवला नाही, तिने तो लिहिला. ज्या दिवशी हजेरीच्या आकड्यावर अनुदान किंवा संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदं, टांगाल, त्या दिवशी तो आकडा कुठल्याही अ‍ॅपमध्ये फुगेल. शिक्षकाला खरी, कमी हजेरी निर्भयपणे लिहिता यावी, एवढी तजवीज करा. कमी आकड्यावर खुलासा मागू नका. मदत लागेल का, ते विचारा.

ती मुलगी शाळा उघडली त्या दिवशी पहिल्या बाकावर बसली होती. मी तिचं नाव घेतलं, ती "हजर" म्हणाली. नंतर मुख्याध्यापकांना सांगून मी तिच्या मागच्या सात महिन्यांच्या वह्यांची नोंद वेगळ्या कागदावर केली, तारखेवार, आणि तो कागद कॅटलॉगला टाचला. नियमात त्याला आधार नव्हता. तो कागद अजून तिथं आहे.

ऑनलाइन शाळेच्या हजेरीचा मसुदा तयार झाला की तो आमच्याकडेही पाठवा. आम्ही तो पालकांसोबत वाचू आणि जे वाटेल ते लिहून कळवू. फक्त बैठक रात्री साडेआठनंतर ठेवावी लागेल, मोंढा तोवर सुटत नाही.

आपली नम्र,
धर्माबाद तालुक्यातील एक शिक्षिका